आतली पिन उणे

ज्या यंत्राचं जोडसामान मी नऊ वर्षं विकलं, ते यंत्र मी एकदाही विकलं नाही. ते विकायला मिळतच नव्हतं. हातात धरून खेळायचा तो करड्या रंगाचा जपानी व्हिडिओ गेम आमच्या जळगावात यायचा तो कुणाच्या तरी मामाच्या बॅगेतून. मामा दुबईला नाहीतर अमेरिकेला. मामा गेम देऊन परत जायचा आणि त्यानंतरचं सगळं माझ्या काउंटरवर यायचं.

लग्नाआधी मी रेडिओ-टेप दुरुस्तीचा कोर्स केला होता. पुढे मुलं शाळेत जायला लागल्यावर जळगाव स्टेशनपासून पाच मिनिटांवर आठ फूट रुंदीचं दुकान घेतलं. नवरा, वसंत, पाइपच्या कारखान्यात फिटर होता. दुकान माझं एकटीचं. रेडिओ-टेपची दुरुस्ती दहा ठिकाणी होत होती, पण या हातातल्या गेमला लागणाऱ्या वस्तू कुणी ठेवत नव्हतं. मी मुंबईहून थोड्या आणल्या, थोड्या स्वतः बनवल्या आणि त्या भानगडीत पडले.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. या गेमला पडदा होता, पण पडद्याला उजेड नव्हता. त्यामुळे खिडकीत बसून खेळा, नाहीतर पडद्यावर अडकवायचं भिंग घ्या. त्या भिंगाला दोन बारीक दिवे असायचे. गेमला चार पेन्सिल सेल लागायचे आणि सुट्टीतलं पोर ते दीड दिवसात संपवायचं. म्हणून आईबाप एलिमिनेटर घ्यायचे, म्हणजे भिंतीतली वीज सहा व्होल्टवर आणून गेमला देणारा डबा. दोन गेम एकमेकांना जोडून दोघांनी खेळायला एक वायर यायची. आणि रेक्झिनचं कव्हर, जे मी स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याकडून शिवून घ्यायचे. एवढाच माझा संसार. संपूर्ण जिल्ह्यात असे गेम किती असतील? माझ्या अंदाजाने तीस-चाळीस. पण त्या तीस-चाळीस घरांनी मला जेवढा ताप दिला तेवढा तीनशे टेपरेकॉर्डरवाल्यांनी दिला नाही.

भिंगाचंच घ्या. पहिल्या खेपेला सहा भिंगं आणली. त्यातली चार सोन्याच्या कारागिरांनी नेली. एक कारागीर ते डोळ्याला लावून मंगळसूत्राच्या वाट्या बघत दुकानातच उभा राहिला आणि ज्यांच्याकडे खरंच गेम होता त्या डॉक्टरीणबाई मागे ताटकळत. मी त्याला म्हटलं, "हे गेमचं आहे." तो म्हणाला, "मग मी गेमच बघतोय बाई, फक्त सोन्याचा." पुढे त्या दिव्यांच्या वायरी तुटायला लागल्या, कारण तासन्‌तास कपाळाला बांधून काम करण्यासाठी ते बनवलेलंच नव्हतं. मग दुरुस्तीला माझ्याकडेच.

नंतर पडद्यावर नुसते ठोकळे पडायचे ते स्वस्त चिनी गेम बाजारात आले. ज्याला-त्याला तो खरा गेम वाटायचा. "याला जोडायची वायर द्या." मी सांगायचे की याला वायर जोडायचं भोकच नाही. "मग तुम्ही पाडा ना." हे संभाषण मी किती वेळा केलं असेल याचा हिशोब नाही.

आणि फैजपूरचे पुंडलिकभाऊ. केळीचा मोठा व्यवहार असलेलं घर. दोघा भावांची वाटणी झालेली, घराच्या मधोमध भिंत घातलेली, आणि दोघांचं बोलणं बंद. अमेरिकेतल्या मामाने मात्र दोन्ही भाच्यांना एकेक गेम दिलेला. मामाला वाटणीचं कोण सांगणार? पुंडलिकभाऊ दोन गेम जोडायची वायर घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत आले.

"ताई, ही लई तोकडी आहे. मले वीस फुटाची पायजे."

"वीस फूट कशाला? पोरं शेजारी-शेजारी बसून खेळतात."

"शेजारी नाही बसत. मधी भीत आहे."

"मग दोघांना एका घरात बसवा."

"त्याच्या घरात माहा पोरगा जाणार नाही, नि माह्या घरात त्याचा येणार नाही," पुंडलिकभाऊ शांतपणे म्हणाले. "वायरीले कोन काय म्हनते?"

वीस फुटांवर गेम एकमेकांना ओळखेनात. पंधरावर अधूनमधून. शेवटी आठ फुटांवर जमलं आणि आठ फुटांसाठी भिंतीला भोक पाडावं लागलं. ते भोक कुणी पाडलं हे मला आजही माहीत नाही, कारण दोन्ही भाऊ म्हणायचे की दुसऱ्याने पाडलं.

पण यापेक्षा जास्त माझं डोकं फिरवलं ते पूजेने.

आमच्याकडे घरात आलेली नवी वस्तू आधी देवापुढे जाते. त्यात मला काही म्हणायचं नाही. मी पण ठेवते. पण लोक गेमला हळद-कुंकू लावायचे ते नेमकं भोकांना. खेळाची कॅसेट घालायच्या खाचेत अक्षता. एलिमिनेटरची पिन जिथे जाते तिथे ओलं कुंकू. दसरा आणि लक्ष्मीपूजन झालं की आठवडाभर माझ्या काउंटरवर लाल तोंडाचे गेम यायचे आणि मी जुन्या टूथब्रशने, स्पिरिटने कुंकू काढत बसायचे. एकदा खाचेतून झेंडूची अख्खी पाकळी निघाली. ती मी त्यांना परत दिली. त्यांनी ती कपाळाला लावून खिशात ठेवली.

दुसरा त्रास असा की पूजेपर्यंत वस्तू कुणी चालू करून बघायचंच नाही. वसुबारसेला नेलेला एलिमिनेटर चार दिवस देवापुढे. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लावला, चालला नाही, की भाऊबीजेपर्यंत माझं दुकान बंद. मग दिवाळी बिघडली म्हणून बोलणी. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक भाषण द्यायचे: "पूजा करायची तर बंद खोक्याची करा. भोकांना काही लावू नका. आणि पूजेची वाटच बघू नका, घरी गेल्या गेल्या लावून बघा." लोक हो-हो म्हणायचे आणि जायचे. मला वाटतं, माझं ऐकलेला त्या सगळ्या वर्षांत एकच माणूस. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

त्या दिवाळीला मी घरी वीस एलिमिनेटर बनवले. ट्रान्सफॉर्मर गावातल्या एका वाइंडिंगवाल्याकडून, डबे आणि पिन लावलेल्या वायरी मुंबईहून. त्यांना आत जोडून कथिलाचा डाग द्यायचा. इथे एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. एलिमिनेटरच्या गोल पिनेला दोन बाजू असतात, एक आतली आणि एक बाहेरची. एकीवर अधिक, दुसरीवर उणे. काही यंत्रांना आत अधिक लागतं, काहींना उणे. या गेमला आत उणे लागतं. उलटं दिलं तर गेमच्या आतली वीज घेणारी छोटी पट्टी जळते.

वायरीतली कोणती तार पिनेच्या आत जाते हे कळायला एका तारेवर पांढरी रेघ असते. माझ्याकडे येणाऱ्या वायरींमध्ये रेघवाली तार नेहमी आतली असायची. चार वर्षं तशीच. म्हणून त्या वीस वेळी मी मीटर लावून बघितलंच नाही. फराळाचं चाललं होतं, चकल्या व्हायच्या होत्या. सबबी पुष्कळ देता येतील. कंटाळा केला, एवढंच खरं.

धनत्रयोदशीपर्यंत सात विकले गेले. चार जळगावात, दोन फैजपूरला. पुंडलिकभाऊंनी एक नेला आणि दुसऱ्या दिवशी धाकटे मुरलीधरभाऊ आले. "मोठ्यानं कोणता नेला? मले त्याच्यापेक्षा बरा द्या." मी तसाच दिला आणि बरा आहे म्हणून सांगितलं.

सातवा धनत्रयोदशीच्या दुपारी गेला. गिऱ्हाईक नवीन होतं. अहिरे नाव, धुळ्याला एका सरकारी कार्यालयात कारकून. बहिणीला सोडायला जळगावला आले होते. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर मुलीच्या अक्षरात गेमच्या पाठीवरचा सगळा मजकूर उतरवलेला होता, अगदी पिनेच्या खुणेच्या चित्रासकट. अशी तयारी करून आलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

"मुलीचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे," ते म्हणाले. "दोन महिने झाले, अजून एक जायचा आहे. सेल पुरत नाहीत."

"गेम चांगला आहे का? कधीचा?"

"आमचा नाही हो. साहेबांच्या मुलाचा आहे. ते दिवाळीला नाशिकला गेलेत, तेवढ्यापुरता दिलाय. भाऊबीजेनंतर परत करायचा."

त्यांनी ज्या तऱ्हेने 'परत करायचा' म्हटलं त्यावरून कळत होतं की हा माणूस सहसा कुणाकडे काही मागत नाही. मी पावती केली, गॅरंटीच्या पुस्तकात नाव-गाव लिहून घेतलं आणि सवयीने माझं भाषण सुरू केलं, की पूजेची वाट बघू नका.

"आमच्याकडे लक्ष्मीपूजन नसतं, बाई," अहिरे म्हणाले. "आम्ही बौद्ध. सकाळी पोरगी उठली की लावणारच."

"सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी मिळाली तर माझं अर्धं काम कमी होईल," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. अंघोळी आटोपून मी नऊला दुकान उघडलं, कारण अर्धा दिवस तरी धंदा होईल असं वाटलं. पहिले आले ते नाना. नाना म्हणजे निवृत्त शिक्षक. चार वर्षं रोज यायचे, एकेक वस्तू हातात घेऊन ती कशी चालते ते विचारायचे आणि काही न घेता जायचे. नातवाकडे गेम असल्याचं सांगायचे, पण तो नातू कुणी पाहिला नव्हता.

"हा खरंच सहाच व्होल्ट देतो का?" नानांनी एलिमिनेटर उचलून विचारलं.

"देतो."

"दाखवा."

मी वैतागून मीटर काढला. माझा मीटर काट्याचा. पिनेच्या आत उणेचं टोक धरलं, बाहेर अधिकचं. काटा उजवीकडे सहावर जायला हवा होता. तो डावीकडे गेला आणि कडेवर टक्‌ करून आपटला.

"हे बरोबर आहे का?" नानांनी विचारलं.

"नाना, आज दुकान बंद आहे."

"आत्ता तर उघडलंत."

"आता बंद करतेय."

उरलेले तेरा लावून बघितले. तेराच्या तेरा उलटे. नवीन वायरींची रेघ दुसऱ्या तारेवर होती. कुणाला बोल लावणार? वायर बनवणाऱ्याने रेघ कुठे असेल याचा शब्द मला कधीच दिला नव्हता. मीटर माझ्या खणात होता.

गॅरंटीचं पुस्तक उघडून सात नावं काढली, आणि पहिल्यांदा मला जरा हायसं वाटलं. लक्ष्मीपूजन उद्या. म्हणजे सहा डबे आत्ता देवापुढे असणार. मी घसा कोरडा करून सांगितलं असलं तरी त्यातल्या कुणीही माझं ऐकलेलं नसणार. सहा गेम वाचले होते.

सातव्याने मात्र ऐकलं होतं.

एसटीडी बूथवरून अहिऱ्यांच्या कार्यालयात फोन लावला. घंटी वाजत राहिली. सुट्टी. घरी फोन नव्हता. घरी गेले तर वसंत आकाशकंदील टांगत स्टुलावर उभा.

"खाली उतरा," मी म्हटलं. "जळगावातले चार आणि फैजपूरचे दोन एलिमिनेटर आजच्या आज परत आणायचेत. ही नावं. दुरुस्त केलेले उद्या दुपारपर्यंत पोचवते म्हणून सांगा."

"कारण काय सांगू?"

"बाईंची चूक झाली म्हणून सांगा."

तो कंदिलाची दोरी हातात घेऊनच खाली उतरला. "कंपनीने परत मागवलेत असं सांगतो."

"कंपनी मीच आहे."

दुकानात परतून एका एलिमिनेटरच्या तारा मी उलट्या करून जोडल्या, मीटरवर दोनदा बघितला. पिशवीत तो टाकला, मीटर, डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, गॅरंटीचं पुस्तक आणि दुकानातला माझा गेम. एका डॉक्टरांच्या मुलाने कंटाळून टाकून दिलेला, कोपरा फुटलेला तो गेम माझ्या धंद्याचं खरं हत्यार होता. प्रत्येक भिंग, प्रत्येक वायर, प्रत्येक कॅसेट मी त्याच्यावर लावून बघायचे. तो नेला तो एवढ्याचसाठी की नवा एलिमिनेटर आधी माझ्या गेमवर चालवून दाखवता यावा. निदान स्टँडवर जाताना मी स्वतःला तसं सांगितलं. पण मग पिशवीत तीन पाकळ्यांचा पेचकस कशाला टाकला होता? त्या गेमचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. सायकलच्या आऱ्याला कानस मारून मी तो पेचकस बनवला होता.

दिवाळीची एसटी. पारोळ्यापर्यंत उभी होते. बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर फराळाचा डबा, आणि माझ्या पिशवीत इस्त्री. शेजारच्या बाईने विचारलं, "माहेरी चाललीस का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला ताकद नव्हती.

धुळ्याच्या देवपुरात पाण्याच्या टाकीमागे अहिऱ्यांचं घर सापडलं तेव्हा दीड वाजून गेला होता. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. अहिऱ्यांची आई.

"ये माय, बठ. कोन तू?"

"जळगावहून आले. एलिमिनेटरचं दुकान."

"ते डबडं?" म्हातारी म्हणाली. "ते जळी गयं. बठ्ठा घरमा वास शे."

वास मला उंबऱ्यावरच आला होता. जळलेल्या पट्टीचा वास मी झोपेतही ओळखेन. खरं म्हणजे डबडं जळलं नव्हतं, गेम जळला होता. पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आत खाटेवर मुलगी, वैशाली. बारा-तेरा वर्षांची, कमरेपासून एक पाय प्लॅस्टरमध्ये. अहिरे सदरा घालून, चपला घालून खुर्चीवर बसले होते. कुठेतरी जायला निघालेला माणूस, पण कुठे जायचं हे न कळलेला. मला बघून उठले.

"उलटी जोडणी झाली," मी सरळ सांगितलं. "माझ्या हातून. आज सकाळी कळलं."

"मी आठ वाजता लावलं," वैशाली म्हणाली. "चाललंच नाही. मग धूर आला. मी लगेच पिन ओढली."

"पहिल्या क्षणालाच जातं ते. तुझ्याकडून उशीर झाला नाही."

"लगेच लावून बघा असं तुम्हीच सांगितलंत ना? पप्पा म्हणाले."

मी हो म्हटलं. अहिरे तिला गप्प बस म्हणाले नाहीत, आणि मलाही ते बरं वाटलं. ते म्हणाले, "अकरा वर्षांत साहेबांकडे पहिल्यांदा काही मागितलं. कचेरीतले म्हणत होते मागू नको. वस्तू मोडली तर कायमचं नाव होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

गेम उघडला. एका बाजूला काडेपेटीएवढी पट्टी, तिच्यावर काळा डाग. बाकी सगळं शाबूत. ती पट्टी मिळते कुठे? मुंबईत महिन्याने, नाहीतर मिळतही नाही. भाऊबीजेपर्यंत नक्कीच नाही. आणि माझ्या पिशवीत तशीच दुसरी पट्टी होती, धडधाकट, माझ्या फुटक्या कोपऱ्याच्या गेमच्या पोटात.

म्हातारीने चहा आणला. तो संपेपर्यंत मी विचार केला. त्या गेमशिवाय दुकानात आलेली कुठलीही वस्तू चालते की नाही हे मला कळणार नव्हतं. चहा संपला. मी इस्त्री लावायला प्लग कुठे आहे ते विचारलं.

अर्ध्या तासाचं काम. माझ्यातली पट्टी काढून साहेबांच्या गेममध्ये बसवली, जळकी माझ्या गेममध्ये टाकली. वैशाली खाटेवरून वाकून बघत होती आणि प्रत्येक स्क्रू मोजून ठेवत होती. दुरुस्त केलेला एलिमिनेटर आधी मीटरवर दाखवला. काटा उजवीकडे. मग गेमला लावला. सुरू होताना येतो तो 'टिंग' आवाज आला. म्हातारी म्हणाली, "बोलनं बा."

मी पाठीचे स्क्रू पिळले, फडक्याने पुसलं आणि अहिऱ्यांच्या हातात दिलं. "बाहेरून काही कळत नाही. आतूनही कुणाला कळणार नाही. साहेबांना सांगायची गरज नाही."

"सांगणार," अहिरे म्हणाले.

"कशाला? चालतोय ना?"

"चालतोय. पण त्यातला भाग त्यांचा नाही. तुमचा आहे."

"अहो, माझा भाग त्यांच्याइतकाच चांगला आहे."

"असेल. पण वस्तू घेतली ती एक आणि परत देतोय ती दुसरी. सांगावं लागेल."

मला इतका राग आला की काय सांगू. तीन तास एसटीत उभं-बसं करून आले, स्वतःचं हत्यार मोडलं, आणि हा गृहस्थ ते सगळं साहेबासमोर मांडणार. धुळ्यात असे गेम असणारी घरं म्हणजे साहेब लोक, डॉक्टर, मोठे व्यापारी. तिथे एकदा 'जळगावच्या बाईचा डबा गेम जाळतो' असं झालं की माझा धुळ्याचा धंदा संपलाच. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नुसतं तोंडी सांगितलं तर साहेबांना वाटेल पोरीने मोडला आणि बाप कथा सांगतोय. मी कारकून आहे, बाई. कागद असला की बोलायला बरं. तुम्ही लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"झालं ते."

मी वैशालीकडे बघितलं. ती गेम पोटावर ठेवून माझ्याकडे बघत होती. तिच्यावर नाव येणार होतं, माझ्यावर नाही, जर कागद नसता तर. मी गॅरंटीचं पुस्तक काढलं. त्यात कार्बन होताच. 'तीन महिन्यांची हमी' असं छापलेल्या जागेखाली लिहिलं: 'या गेममधील वीज घेणारा भाग माझ्या दुकानाच्या चुकीच्या एलिमिनेटरमुळे जळाला. श्री. अहिरे किंवा त्यांच्या मुलीचा यात दोष नाही. भाग बदलून दिला आहे.' सही केली. अहिऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तारीख राहिली." तारीख घातली.

निघताना म्हातारीने पिशवीत शेव घातली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "ली जाय वं, रस्तामा खाजो." परतीच्या बसला जागा मिळाली. शेव चांगली होती.

घरी आले तर वसंत सहाही डबे घेऊन आलेला. सहाही देवापुढेच होते. फैजपूरला दोन्ही घरी हळद-कुंकू लागून तयार. दोघा भावांनी डबा हातात देण्याआधी एकच प्रश्न विचारला होता, "त्याचाबी नेला ना?" दुसऱ्याचाही परत जातोय हे कळल्यावर दोघांनीही आनंदाने दिला. सहा डब्यांच्या तारा मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बदलल्या, सहाही मीटरवर बघितले आणि दुपारपर्यंत पोचवले. एकाही गेमला काही झालं नाही.

म्हणजे हिशोब असा लागला: ज्या पूजेवर मी चार वर्षं चिडचिड केली तिने सहा गेम वाचवले, आणि ज्या एका शहाण्या माणसाने माझा सल्ला मानला त्याचं नुकसान झालं. यातून काय शिकायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी पूजेवरचं भाषण बंद केलं, एवढं खरं. कुंकू मात्र काढत राहिले.

दुसरं म्हणजे मीटर खणातून काउंटरवर आला. प्रत्येक एलिमिनेटर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावून दाखवायचा. याचाही ताप झालाच. लोकांना काटा बघायची गोडी लागली. सेलला लावा, टॉर्चला लावा. एकाने रेक्झिनच्या कव्हरलाही मीटर लावायला सांगितला. नाना तर दिवसातून दोनदा यायला लागले. त्यांना मी चहा द्यायला लागले, कारण त्यांचं देणं माझ्यावर होतं. त्यांना ते कधी कळलं नाही.

माझा गेम परत कधी चालला नाही. पट्टी मिळालीच नाही. पुढची दोन वर्षं मी भिंगं आणि वायरी नुसत्या मीटरच्या भरवशावर विकल्या, आणि दोन गेमांची वायर कुणी मागितली की म्हणायचे, तुमचे दोन्ही गेम इथे आणा, इथेच लावून बघू. काहींना तो अपमान वाटला.

उन्हाळ्यात अहिरे दुकानात आले. सोबत वैशाली, थोडी लंगडत पण स्वतःच्या पायावर. आजीच्या रेडिओला एलिमिनेटर हवा होता, पिनेची खूण या वेळीही चिठ्ठीवर उतरवून आणलेली. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. कागद दिला. त्यांनी वाचला. म्हणाले, 'अहिरे, एवढ्याशा गोष्टीला लेखी?'"

"मग?"

"मग म्हणाले, फाइलला लावून टाका."

"कुठल्या फाइलला?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, बसेल तिला लावा." अहिरे जराही हसले नाहीत. "लावला."

म्हणजे माझ्या चुकीची कबुली धुळ्याच्या एका सरकारी फाइलमध्ये, कुठल्याशा भलत्याच विषयाच्या कागदांमध्ये कायमची जाऊन बसली होती. ज्या बदनामीला मी एवढी घाबरले होते तिला साहेबांनी टाचणी मारली होती. मला हसावं की चिडावं कळेना. मी रेडिओचा एलिमिनेटर काढला आणि गॅरंटीचं पुस्तक उघडलं.

वैशालीने पुस्तकाकडे बोट दाखवलं. "काकू, या वेळी 'दुकानाची चूक' आधीच लिहून ठेवा. म्हणजे धुळ्याला यावं लागणार नाही."

"वैशाली," अहिरे म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं. "आजीच्या रेडिओला आत अधिक लागतं. बघ."

मी या वेळी अधिकचं टोक आत धरून मीटर लावला. काटा उजवीकडे गेला, थोडा हलला. अहिरे पिशवी उघडून उभे होते. वैशालीने हात आडवा धरला, काटा पुरता थांबेपर्यंत बघितलं आणि मगच त्यांना म्हणाली, "घ्या पप्पा."